वाडीच्या बैठकीत काय मिटवलं जातं

कोकणात बायकांवरच्या हिंसेविरुद्ध बोलणारे गट कमी नाहीत. बचत गटांचे ग्रामसंघ आहेत, महिला मंडळं आहेत, आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत, कॉलेजांतल्या एनएसएसच्या तुकड्या आहेत, अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत लहानमोठ्या संस्था आहेत. ८ मार्चला, आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या सोळा दिवसांत तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम होतात. वकीलबाई कायदा समजावतात, पोलीस अधिकारी ११२ आणि १८१ हे मदतीचे नंबर पाठ करून घेतात, मुलं पथनाट्य करतात. 'अन्याय सहन करू नका' असं सांगून आभारप्रदर्शन होतं आणि आलेल्या बायका शेवटची एसटी गाठायला धावतात. ही कामं करणाऱ्यांत माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. पदरचे पैसे घालून त्या गावोगाव फिरतात. तरीही माझं म्हणणं असं आहे की या जागृतीचा रोख चुकतो आहे. समोर बसवलेल्या बाईला आपण जे सांगतो ते तिला बहुतेक माहीत असतं. ज्यांना ते सांगायला हवं, ते लोक त्या सभागृहात नसतातच.

मार खाणाऱ्या बाईला मार म्हणजे अन्याय हे शिकवावं लागत नाही. तिचे प्रश्न वेगळे असतात. रात्री घराबाहेर पडले तर झोपू कुठे? सकाळी पोरांच्या शाळेचं काय? घर दिराच्या नावावर आहे, मग त्यात माझा पाय राहील का? आणि वाडीतली चार माणसं माझ्या बाजूने उभी राहतील की मलाच समजावतील? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्या एकटीच्या हातात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली होती आणि ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांनी मदत मागितली त्यातल्या बहुतेक जणींनी ती माहेरच्यांकडे मागितली. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या.

हे आकडे वाचून दरवेळी निष्कर्ष निघतो की बायका बोलत नाहीत, म्हणून त्यांना बोलतं करा. मला त्यातून दुसरी गोष्ट दिसते. ती जेव्हा बोलते तेव्हा पहिल्यांदा आईशी, भावाशी, शेजारणीशी बोलते. म्हणजे पुढे काय होणार हे त्या पहिल्या ऐकणाऱ्यावर ठरतं. आमच्याकडे तो ऐकणारा तिला पोलीस ठाण्यात नेत नाही, वाडीच्या बैठकीत नेतो.

कोकणाबाहेरच्यांना ही बैठक म्हणजे काय ते सांगावं लागेल. इथलं गाव एका जागी नसतं, ते वाड्यांमध्ये विखुरलेलं असतं. प्रत्येक वाडीचं आपलं मंडळ असतं आणि बहुतेक मंडळांचं एक टोक मुंबईत असतं. रस्त्याची डागडुजी, देवळाचा जीर्णोद्धार, शिमग्यातल्या पालखीचा क्रम, नळपाणी योजनेची मोटर, हे सगळं मंडळ ठरवतं आणि वर्गणी मुंबईकर पाठवतात. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका असलेले महाराष्ट्रात दोनच जिल्हे होते, रत्नागिरी (११२२) आणि सिंधुदुर्ग (१०३६). व्यासपीठांवरून हे आकडे कोकणातल्या बाईच्या मानाचा पुरावा म्हणून सांगितले जातात. ते खरं तर पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईत गेल्याचा पुरावा आहेत. गावात राहणाऱ्यांत बायका जास्त आहेत. शेत त्या करतात, म्हाताऱ्यांचं त्या बघतात, घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत त्या जातात. पण मंडळाची वर्गणी घराच्या नावाने असते आणि घराचं नाव पुरुषाचं असतं. तो घाटकोपरला असला तरी सभासद तोच. ती पैसे नेऊन देते, पावती त्याच्या नावाची फाडून घेते.

अशा बैठकांना मी बसले आहे. त्यातली एक सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती कुठल्याही गावची असू शकली असती. मे महिना, मुंबईकर आलेले, देवळाचा सभामंडप. पुरुष प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, बायका बाजूच्या पायऱ्यांवर. सचिवाच्या हातात रेघांची वही. आधी जमाखर्च वाचला गेला, मग मोटरच्या बिलावरून अर्धा तास वादावादी झाली, मग पालखी कुणाच्या घरापासून निघायची यावर तेवढीच. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' आले तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. एका बाईच्या मारहाणीचा विषय त्यातला दुसरा. पहिला होता भाड्याने द्यायच्या टोपांचा. ती बाई खांबाला धरून उभी होती, उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. दवाखान्याच्या कागदावर 'पाय घसरून पडली' असं लिहिलेलं, कारण सोबत सासूच गेली होती. अध्यक्ष भले गृहस्थ होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "आधी तुझ्याकडून काय झालं ते सांग, बाय." ती म्हणाली, भावाला फोन केला होता, न विचारता. मग नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चुकलं, रागाच्या भरात झालं. पाचशे एक रुपये दंड ठरला, देवस्थानच्या पेटीत. वहीत लिहिलं गेलं: 'उभयतांनी समजुतीने नांदावे. पुन्हा तक्रार आल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.' माहेरकडून आलेल्या भावाने सही केली. तिची सही घेतली नाही, बोटांना पट्टी होती म्हणून कुणी मागितलीही नसेल.

या बैठकीत एकही माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. तिथे बसलेल्या प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपण एक संसार वाचवला. पण नीट पाहा. दंड भरला तो देवाला, मार खाल्लेल्या बाईला त्यातला एक पैसा नाही. पहिला प्रश्न तिला विचारला गेला, आणि त्या प्रश्नातच मारण्याला काहीतरी कारण असू शकतं हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं. वहीत 'उभयतांनी' लिहिल्यामुळे मारणारा आणि मार खाणारी एकाच ओळीत बसले. आणि शेवटच्या वाक्याने मंडळाने पुढच्या वेळेसाठी हात झटकले. ती यानंतर परत बैठकीत येणार नाही. तिने एकदा सांगून पाहिलं, काय मिळतं ते तिला कळलं.

आता याच्या शेजारी कायदा ठेवून बघा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याखालच्या २००६ च्या नियमांमध्ये समुपदेशन कसं करायचं ते चौदाव्या नियमात सांगितलं आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की हिंसा करणाऱ्याला समुपदेशनात आपल्या कृत्याचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे त्याला कामकाज सुरू होण्याआधीच सांगायचं. त्याने पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी द्यायची. समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची तशी इच्छा असेल तरच. म्हणजे कायदासुद्धा समेटाच्या विरोधात नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की 'तू काय केलंस' हा प्रश्न समेटाच्या दारातून आत येऊ देऊ नका. कोकणातल्या कार्यक्रमांत कलमं भरपूर सांगितली जातात, पण हा नियम मी एकाही व्याख्यानात ऐकलेला नाही. तो बायकांना सांगून उपयोगही नाही. तो मंडळाच्या अध्यक्षाला, पोलीस पाटलाला, तंटामुक्ती समितीला, गावकरांना आणि माहेरच्या भावाला पाठ असायला हवा.

तंटामुक्तीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. बांधाची, वाटेची, पाण्याची भांडणं कोर्टात पिढ्यान् पिढ्या सडतात, ती गावातच सुटावीत ही कल्पना चांगली होती आणि कोकणात तर हवीच होती, जिथे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. पण मिटवलेल्या भांडणांवर गावाला बक्षीस मिळायला लागलं की मारहाणसुद्धा मिटवायच्या यादीत जाते. बांधाच्या भांडणात दोन बाजू असतात, दोघांचं थोडं थोडं खरं असतं, मधली रेघ काढता येते. मारहाणीत मधली रेघ कुठे काढणार? आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा मार? हा फरक गावोगावच्या समित्यांना कुणी बसवून शिकवलेला नाही, आणि जागृती करणाऱ्या गटांचं पहिलं काम हेच असायला हवं होतं.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात. पहिलं, आमच्याकडे हे प्रमाण कमी आहे, कोकणी माणूस शांत. त्याला मी वर आकडा दिलाच आहे. तो घाटाच्या अलीकडे येऊन थांबतो असं मानायला काही आधार नाही. आणि आमच्याकडे मारहाणीखेरीजही बरंच चालतं. नवरा विरारला, बाई गावी, आणि रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून 'फोन फिरव, घरात कोण आहे दाखव' म्हणणं, चार महिने पैसे न पाठवणं, तिच्या नावचं रेशनकार्ड सासूच्या कपाटात ठेवणं. २००५ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा सांगितली आहे. चाकरमानी नवऱ्याची हिंसा बरेचदा शेवटच्या दोन प्रकारांत मोडते, तिचा वळ उठत नाही, त्यामुळे वाडीला ती हिंसा वाटतच नाही.

दुसरं उत्तर दारूचं. दारू बंद करा, सगळं बंद होईल. दारूबंदीच्या मतदानात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद करता येतं, आणि ज्या बायकांनी ही लढाई दिली त्यांच्या हिमतीपुढे मी नमते. पण पिऊन आलेला माणूस वाटेत सरपंच भेटला तर हात जोडतो, काळोखात पाखाडीच्या पायऱ्या न चुकता उतरतो, थोरल्या भावाच्या ओटीवरून जाताना आवाज खाली करतो. हात उचलायचा तो कुणावर, याची शुद्ध त्याला असते. दारू गेली तर घरात पैसे उरतील, एवढ्यासाठी ती जायलाच हवी. मारणं थांबेल याची हमी तिच्यावर टाकू नये.

तिसरं उत्तर कमाईचं. बाईच्या हातात पैसा आला की ती सुटेल. बचत गटांची सगळी उभारणी या विश्वासावर आहे. हर्णैच्या बंदरात वाळूवर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा तिथल्या बायकांचा आवाज ऐकावा. भाव त्या करतात, टोपल्या त्या उचलतात, उधारी त्या वसूल करतात. घरखर्चाची दोरी त्यांच्या हातात असते. त्यांच्यातल्याही कितीजणी घरी मार खातात हे त्या बंदरावरच्याच बायका तुम्हाला सांगतील. पैसा हवा, नक्कीच हवा. पण पैशाने ती वाडीच्या बैठकीत खुर्चीवर बसत नाही.

मला वाटतं, या तिन्ही उत्तरांत एक सोय आहे. तिन्हींमध्ये वाडीला स्वतःकडे बघावं लागत नाही.

आणि एक खरी अडचण आहे, तिला बगल देऊन चालणार नाही. लोक बैठकीत जातात कारण ती जवळ आहे. मदतीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, ही योजना २०१५ पासूनची. पण मंडणगडच्या बाईला रत्नागिरी आणि दोडामार्गच्या बाईला ओरोस गाठायचं म्हणजे कडेवर मूल घेऊन एसटी बदलत अख्खा दिवस. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. तारखांवर तारखा पडतात हे तालुका कोर्टाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणून 'बैठका बंद करा, थेट कायद्याकडे जा' असं सांगणारी मी नाही. बैठक राहणार आहे. ती बाईला दारातून परत पाठवणारी राहील की पुढे नेऊन पोचवणारी होईल, हे आपल्याला ठरवता येतं.

पुढे नेणं अवघडही नाही. कायद्याचं चौथं कलम म्हणतं की हिंसा घडली आहे, घडते आहे किंवा घडेल असं ज्याला वाटतं तो कुणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजारीण कळवू शकते, पोलीस पाटील कळवू शकतो, मंडळाचा सचिव कळवू शकतो. बाई जिथे तात्पुरती राहते आहे तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. नवरा नालासोपाऱ्यात असला तरी गुहागरला माहेरी आलेली मुलगी गुहागरातच अर्ज देऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. घर कुणाच्याही नावावर असो, जिथे ती नांदली त्या घरात राहण्याचा तिचा हक्क २००५ च्या कायद्याचं सतरावं कलम देतं. घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. भावकीच्या सामाईक घरांनी भरलेल्या कोकणात याहून मोठी बातमी कुठली? ती माझ्या तालुक्यातल्या किती मंडळांपर्यंत पोचली? मंडळाच्या वहीतला शेरा मोडला तर काही होत नाही. दंडाधिकाऱ्याचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समजूत घालणाऱ्या भल्या माणसांनी हा फरक लक्षात घ्यावा.

'गावकीविरुद्ध बोललात तर वाळीत टाकतील' ही भीतीही खोटी नाही. वाळीत टाकण्याच्या तक्रारी महाराष्ट्रात जिथून मोठ्या संख्येने आल्या त्यात रायगड जिल्हा होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६ चा, तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. बहिष्काराचं हत्यार आमच्याकडे किती जुनं आहे हे धोंडो केशव कर्व्यांच्या आयुष्यात दिसतं. देवरुखच्या गोदूबाई विधवा होत्या, त्यांच्याशी कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं, आणि दापोलीजवळच्या मुरूडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तीही बैठकच होती. तिथेही बसलेल्यांना वाटलं असणार की आपण गावाचा संसार वाचवतो आहोत. आज त्याच मुरूडला लोक कर्व्यांचं गाव म्हणून ओळखतात. बैठकीचं मत बदलतं, पण ते आपोआप बदलत नाही, कुणीतरी तिच्यापुढे उभं राहिल्यावर बदलतं.

आणि ते ठरावानेही बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका ठरावाने प्रथा मरत नाही, हे मला मान्य. पण ठराव झाल्यावर प्रथा मोडणाऱ्या घराला 'गाव काय म्हणेल' हे विचारावं लागत नाही. गावाने आधीच म्हटलेलं असतं. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. आमच्याकडे ती बरेचदा कागदावर होते, सह्यांची वही घरोघर फिरते. तीच सभा खरोखर भरवणं, हे कुठल्याही पथनाट्यापेक्षा जास्त मोलाचं काम आहे.

मुंबईच्या टोकाचं काय? जागृतीचा गट गावात काम करतो आणि ठरवणारे पुरुष परळ, विक्रोळी, दिव्याला. 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' म्हणजे 'मावा' ही पुरुषांशी बोलणारी पुरुषांचीच संघटना १९९३ पासून मुंबईत काम करते आहे. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्त्या बसवणारा महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत सुरू केला, तो पुढे राज्यभर पसरला. म्हणजे अनुभव मुंबईत आहे आणि आमचे पुरुषही मुंबईत आहेत. मग कोकणातल्या संस्थांनी आपला एखादा कार्यक्रम गावच्या सभागृहाऐवजी मंडळाच्या मुंबईतल्या वार्षिक सभेत का घेऊ नये? तिथे तीस-पस्तीस पुरुष हमखास असतात, जेवण असतं, रविवार असतो. व्याख्यान नको. मंडळाच्या जुन्या वहीतले असे निवाडे नावं झाकून वाचावेत आणि विचारावं, ही बाई आज कुठे आहे, कुणाला माहीत आहे का? जाखडी आणि नमन या आमच्या लोककला, तिथल्या शाहिराला आणि गवळणीच्या संवादांना हा विषय द्यावा. पुरुष रात्रभर जागून ऐकतात ते तिथे. शिमग्याच्या खेळ्यांत घरोघर जाणारा माणूस ज्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकतो तिथे समाजकार्यकर्तीला कुणी येऊ देत नाही.

काही बायका कुठल्याच वाडीत मोजल्या जात नाहीत, त्यांचा विसर पडू नये. आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी जोडप्यांतली बाई कंपाउंडच्या आत, एका खोलीत राहते. तिला मराठी धड येत नाही, कागदपत्रं मालकाकडे असतात, आणि तिला मारलं तर ऐकणारं जवळपास घर नाही. कातकरी वाडीवरची बाई भट्टीवर जाते तेव्हा तीही अशीच. त्यांच्यापर्यंत बचत गट पोचत नाही. बागायतदार मात्र पोचतो, कारण पगार तोच देतो. बागायतदारांच्या संघटनांशी हा विषय बोलायला हवा.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अगदी साधी आहे. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरं वर्षातले दहा महिने बंद असतात. गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी किल्ली शेजारच्या काकूंकडे किंवा देवळाच्या पुजाऱ्याकडे. चार खोल्या, वीज, पाणी, गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. आणि याच वाडीतली बाई जूनच्या पावसात रात्री घराबाहेर काढली गेली की गोठ्यात बसते, कारण तिला जायला जागा नाही. निवारागृह जिल्ह्याला, शंभर किलोमीटरवर. त्या घराच्या मुंबईकर मालकाला विचारलं तर तो नाही म्हणणार नाही असं मला वाटतं, पण त्याला आजवर कुणी विचारलेलंच नाही. एका वाडीत एक खोली, तिची किल्ली पुरुषांच्या मंडळाकडे नको, बचत गटाच्या दोन बायकांकडे हवी. एक फोन, त्यावर १८१ लावता येईल एवढं रिचार्ज. यासाठी कुठल्या योजनेचा निधी लागत नाही. इंदिराबाई हळबे मावशींनी १९५४ मध्ये देवरुखला मातृमंदिर सुरू केलं ते दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून. अडलेल्या बाईला आधी खाट द्यायची हे काम कोकणाला नवं नाही.

'घरातला घरातच रवांदे' असं म्हणणारी वडीलधारी माणसं मला आवडतात, कारण त्यांना खरोखर घर टिकावं असं वाटतं. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की घर कशाने मोडलं याचा हिशेब नीट लावा. तक्रार केल्यावर जे मोडलेलं दिसतं ते त्याच्या कितीतरी आधी मोडलेलं असतं. खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनाही सांगते, ज्या समाजात मार खाणाऱ्या शंभरांतल्या सत्याहत्तर जणी कुणाजवळ शब्दही काढत नाहीत, तिथे खोट्या बोलण्याची चिंता आधी करायची की खऱ्या गप्प राहण्याची?

तेव्हा येत्या गणपतीत प्रत्येक वाडीच्या मंडळापुढे गटांनी एक ठराव न्यावा. मारहाणीची तक्रार आली तर मंडळ बाईला कारण विचारणार नाही. ती म्हणेल तरच समेटाची गोष्ट होईल, आणि त्या वेळी बैठकीत निम्म्या बायका असतील. तिला वैद्यकीय कागद नीट करून घ्यायला मंडळाची एक बाई सोबत जाईल. दंड घ्यायचाच असेल तर तो पेटीत न जाता तिच्या हातात जाईल. महिन्याने, तीन महिन्यांनी कुणीतरी तिला एकटीला भेटून विचारेल, आणि पुन्हा हात उचलला गेला असेल तर मंडळ स्वतः संरक्षण अधिकाऱ्याला कळवेल. ठराव वहीत लिहून त्याची प्रत पोलीस पाटलाकडे आणि मुंबईच्या शाखेत द्यावी. ज्या मंडळाला हे मान्य नसेल त्याने 'मान्य नाही' असं वहीत लिहावं. सोयरीक जमवताना आपण पत्रिका बघतो, मुलाची नोकरी बघतो, मुंबईत खोली आहे का विचारतो. मुलीच्या बापाने आणि भावाने यापुढे मंडळाची ती वहीही मागून बघावी.